ढिलं चाक

राजूरचा घाट लागला तेव्हा सोजराच्या लक्षात आलं, की नवरा चाक फिरवतो आणि मोटर वळत नाही.

बुलढाण्याहून निघताना तिला मौजच वाटली होती. लग्नाला सात-आठ वर्षं झाली, पण शालिग्राम चालवायचा त्या प्रवाशांच्या सर्व्हिस मोटरीत ती पहिल्यांदाच बसत होती. मलकापूरला उतरून रेल्वेनं जलंबला भावाकडे जायचं होतं. शालिग्रामनं तिला आपल्या शेजारची जागा दिली. सरळ रस्त्यावरही त्याचे हात सारखे चाक इकडेतिकडे हलवत होते. मोटर अशीच चालवत असतील, असं तिला वाटलं.

घाटात मात्र तिनं नीट पाहिलं. वळण यायच्या आधीच तो चाक फिरवायला घ्यायचा. अर्धं चाक रिकामंच फिरायचं, आणि मग कुठं मोटरीचं तोंड वळायचं.

"गाडी अशी काऊन करते?" तिनं हळूच विचारलं.

"चाक ढिलं हाय. आधी फिरवा लागते."

"अन् नाही वळली तं?"

यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात खालून छपराची कवेलू भरलेली बैलगाडी वळणावर आली. शालिग्रामनं मोटर डावीकडे घेतली आणि लगेच उजवीकडे चाक फिरवलं. चाक फिरत राहिलं, मोटर दरीकडेच चालली. कडेला रचलेल्या दगडांवर पुढचं चाक खडखडलं, एक दगड सुटून खाली गेला. तो खाली कुठंतरी पोचल्याचा आवाज आला तेव्हा मोटर रस्त्यावर परतली होती.

मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. एक म्हातारा सगळ्यांना समजावू लागला, की शालिग्राम असला की या घाटात डोळे मिटून बसावं. दोघातिघांनी हो हो म्हटलं. सोजरानं डोळे मिटले नाहीत. नवऱ्याच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता, तो ती पाहत राहिली.

मलकापूरला मोटर रिकामी झाली. स्टेशनाबाहेर लिंबाखाली दोघं उभी राहिली. तिनं विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं. मालकाला, हिंमतरावांना, तो कितीदा बोलला होता. लढाई चालू आहे, मुंबईहून सामान येत नाही, एवढंच ते म्हणतात. ते खोटंही बोलत नाहीत. मिस्त्रीनं खोलून पाहिलं, आवळलं, चार दिवसांत पुन्हा तेच झालं.

"सोडून द्या ना मंग," सोजरा म्हणाली.

"मी सोडली तं दुसरा बसंन. त्याले ह्या चाकाची सवय नाही. अन् मोटर तं चालूच राहीन. लोकाईले याले-जाले हेच एक हाय."

परतीची माणसं मोटरीत चढू लागली होती. एका बाईनं कोंबड्यांची डाल आत घेतली, एका मास्तरांनी धोतर सावरत जागा धरली. सोजरानं आपलं गाठोडं उचललं आणि जाऊन पुन्हा पुढच्या जागेवर बसली.

"जलंबची गाडी चुकंन तुही," शालिग्राम म्हणाला.

"चुकू द्या. मी घरी येतो तुमच्यासंगं."

तो दाराशी उभा राहिला. लोक ऐकत होते, म्हणून आवाज खाली नेऊन बोलला. "उतर व. तू बाजूले असली तं माह्यं ध्यान तुह्याकडंच जाते. मघा पाह्यलं ना काय झालं ते."

सोजरा त्याच्याकडे पाहत राहिली. मग गाठोडं घेऊन उतरली. ती जागा त्यानं मास्तरांना दिली.

मोटर सुरू झाली. स्टेशनाच्या वळणावर ती आधी सरळच गेली, भिंतीजवळ पोचली, आणि मग वळली. आतल्या कुणाला काही कळलं नसावं. कोंबड्यांवरून हसणं चाललं होतं.

सोजरा तिथंच उभी होती. स्टेशनात रेल्वेची घंटा झाली तरी ती हलली नाही. एक बाई कडेवर पोर घेऊन धापा टाकत आली. पोराचं अंग तापानं लाल झालं होतं. रिकाम्या जागेकडे पाहून ती मटकन खाली बसली.

"गेली का व बुलढाण्याची मोटर?"

"गेली."

"दवाखान्यात न्याचं होतं याले. उद्या येते ना बाई ते? नक्की येते ना?"

सोजरानं पोराच्या कपाळावर हात ठेवला. घाटाच्या रस्त्याकडे तिनं पाहिलं नाही.

"येते," ती म्हणाली. "रोज येते."