फोरक्लोजर

वरुण हे लिहून ठेवणारच नव्हता. एका शब्दाचा तर घोटाळा, आणि त्यात गाढव ठरला तोच. पण राहवेना.

गुरुवारी पाचला पाळी सुटली. परदेशात, माउंट रॉस्किलच्या टायर गोदामाच्या दारात उभा राहून तो फोनवर ओरडत होता. पलीकडे मिरजेची बँक. "हो मॅडम, फोरक्लोजर! प्रॉपर्टीचे पेपर्स बाबा घेऊन जातील. अकाउंट आजच क्लोज करा!" मागे त्याचा दोस्त सिओने फोर्कलिफ्ट लावत होता. जाता जाता त्याने वरुणच्या खांद्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ.

कर्ज फिटलं होतं. शिक्षणासाठी तीन ठिकाणांहून काढलेलं, मग एकत्र करून मिरजेचं घर तारण ठेवून घेतलेलं. मुदत दहा वर्षांची, वरुणने साडेपाचात संपवलं. बाबा फोनवर नुसते "बरं झालं" म्हणाले आणि नाक शिंकरत बसले.

बाकी कोणाला सांगणार? कर्ज आहे हेच त्याने इथे कोणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सगळे फिश अँड चिप्स मागवायचे तेव्हा हा म्हणायचा, डाएट चालू आहे. मग गुरुवारी संध्याकाळी त्याने घरी जाऊन शिरा केला. एकट्यानेच. आणि एकट्यानेच संपवला.

शुक्रवारी दहाच्या चहाला सगळे जमले. सिओनेने त्याच्यासमोर आइसक्रीमचा रिकामा डबा सरकवला. आत नोटा, नाणी, कोणाचं तरी पेट्रोलचं व्हाउचर.

"थोडेच आहेत, ब्रो. पण घरासाठी."

"कुठल्या घरासाठी?"

"तुझ्या. काल ऐकलं मी. बँकेने फोरक्लोज केलं ना, घर जप्त?"

वरुणच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. सिओनेला मराठी येत नाही. त्याने फक्त इंग्रजी शब्द उचलले होते. वरुणने कपाळावर हात मारला. "अरे, आमच्याकडे फोरक्लोजर म्हणजे कर्ज वेळेआधी फेडून टाकणं! घर जात नाही, घर सुटतं!"

 मग छप्पर उडेल असं हसू.

"म्हणजे तू डाएटवर नव्हतास?" सुपरवायझर ओरडला.

"एक दिवससुद्धा नाही."

"चोरा! आजचे चिप्स तुझ्याकडून!"

ज्याचे पैसे त्याने परत घेतले. सिओने मात्र हसला नव्हता. सगळे गेल्यावर तो सिंकपाशी कप विसळत राहिला.

"आमचं मांगेरेचं घर खरंच गेलं," तो म्हणाला. "मी तेरा वर्षांचा होतो. आईने चर्चमध्येसुद्धा कोणाला सांगितलं नाही. घर रिकामं करतानाच लोकांना कळलं. सगळे म्हणत होते, अगं, सांगायचं तरी."

 वरुणने फडकं घेतलं आणि कप पुसायला लागला.

"वाईट काही झालं तर लपवायचं नाही," सिओने म्हणाला. "कळलं?"

"कळलं," वरुण म्हणाला. "आणि चांगलं झालं, तर सगळ्यात आधी तुला सांगेन. प्रॉमिस. काल कोणीच नव्हतं रे सांगायला."