नाव लावायची परवानगी

बायकोच्या पहिल्या लग्नाच्या मुलीचं पत्र आलं होतं. त्याचं उत्तर म्हाताऱ्यानं दिलंच नव्हतं. 'आई गेली. आता मी तुमचं आडनाव लावलं तर चालेल का? पुन्हा विचारणार नाही.' आपण कोण मोठे परवानगी देणारे, या संकोचात त्यानं मसुद्यामागून मसुदे फाडले होते. पंपघरातल्या जुन्या संगणकासमोर बसताना ते पत्र त्याला आठवलं.

संगणक आज कायमचा बंद करायचा होता. त्यातली प्रणाली त्यानंच तरुणपणी बसवलेली, म्हणून त्याला बोलावलं होतं. ऑपरेटर बाईंनी बटण दाबलं. काळ्या काचेवर हिरव्या ओळी उमटू लागल्या. आधी युनिक्स या मूळ प्रणालीच्या मालकाचं नाव, मग एका विद्यापीठाचं, मग त्याच्या बुडालेल्या कंपनीचं.

"अगंबाई, ही तर वंशावळच! मग याला सरळ युनिक्स का नाही म्हणत?"

"रक्त युनिक्सचंच. पण नाव मालकाच्या ताब्यात, ते लावायची परवानगी नाही. म्हणून कोणी झेनिक्स झालं, कोणी आयरिक्स, कोणी अल्ट्रिक्स. बापाचं नाव नाही, तर निदान 'इक्स'चं शेपूट तरी."

"आणि आता कोणाला मिळतं ते नाव?"

"चाचणीत उतरेल त्याला. रक्ताचं असो नसो." बोलता बोलता तो थांबला.

शेवटी एक प्रश्न उमटला : नाव?

"रोज सकाळी विचारतं," बाई म्हणाल्या. "आम्ही नुसतं एंटर दाबतो. बिचारं निमूट कामाला लागतं. ओळ मात्र दिवसभर तिथंच."

संगणकाच्या नावाची ती जागा त्यानंच रिकामी सोडली होती. सावकाश चांगलंसं सुचेल, म्हणून.

"आता जाता जाता नाव ठेवताय की काय, काका? आम्ही तर आजवर नावंच ठेवत आलो!"

तो हसला नाही. त्यानं वायर काढली. पंखा घरघरत थांबला. काच काळी झाली.

प्रश्न तिथंच होता.

बाईंनी खिडकी उघडली. उजेड पडला तसा तो अधिकच स्पष्ट झाला.

"वीज नाही ना याला?" बाईंचा आवाज खाली आला.

"नाही. रोज एकाच जागी अक्षरं उमटली की काच भाजते, ठसा राहतो."

"असेल." पण खोलीतून निघताना बाईंनी काचेकडे पाठ केली नाही. उलट्या पावलांनी दारापर्यंत गेल्या.

म्हातारा तडक टपाल कार्यालयात शिरला. कागदावर एकच शब्द लिहिला : 'लाव.' मग पाकिटावर मुलीचं नाव लिहिलं. पेन अडखळलं, पण पुढे त्यानं आपलं आडनाव लिहिलं.

पाकीट पेटीत पडलं. त्या पत्त्यावर त्या नावाचं अजून कोणीच राहत नव्हतं.