काळे पडणारे पेले

सुनेने उकडलेलं अंडं सोललं, सुरीने चार फोडी केल्या, चांदीच्या सहा पेल्यांच्या मधोमध ठेवल्या आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. उद्या दुपारपर्यंत पेले काळे पडणार होते. ते पडायलाच हवे होते.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं सराफाच्या दुकानात चांदी उजळायचं काम केलं. हात थरथरू लागला तसं मालकाने गोड बोलून घरी बसवलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. निम्मं जेवण ताटातच राहू लागलं. एकदा सुनेने कपाटातला एक काळवंडलेला पेला सहज त्यांच्या हातात दिला. खडूची पूड आणि मऊ फडकं घेऊन ते बसले, आणि घासताना हात थरथरला नाही. त्या रात्री त्यांनी मागून घेऊन जेवण केलं.

पण पेले सहाच. आठवड्यात सगळे लखलखीत झाले, आणि चांदी काही कुणाच्या सोयीने काळी पडत नाही. सासऱ्यांची नजर पुन्हा भिंतीकडे वळायला लागली. तेव्हा सुनेला आठवलं, लहानपणी चांदीच्या चमच्याने अंडं खाऊन चमचा काळा केला म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता.

घरात सकाळी माणशी एक अंडं उकडायचं. दर सोमवारी सून आपल्या वाटणीचं डब्यात घालायची आणि स्वतः चहावर भागवायची. ते कुणाच्या लक्षात आल्याचं दिसायचं नाही. नवऱ्याला तर घरात चांदीचे पेले आहेत, हेही धड ठाऊक नव्हतं. मंगळवारी सासरे कुरकुरायचे, "या घराची हवाच वाईट," आणि बाह्या सरसावून बसायचे. आठ महिने सगळं बिनबोभाट चाललं.

या मंगळवारी नणंद आली. पाण्यासाठी पेला घ्यावा म्हणून तिने डबा उघडला. नणंदेचं नाक ते, अंड्याचा वास त्याच्या तावडीतून सुटतोय कसला!

"बाबा, बघा वहिनीचे उद्योग! अंडं घालून मुद्दाम काळे करते, आणि तुम्ही मान मोडून घासत बसता. थट्टा चालवलीय तुमची!"

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. आता सासरे फडकं खाली ठेवणार ते कायमचं. तिला रडूच यायला लागलं.

सासऱ्यांनी एक पेला उचलला, उजेडात फिरवला.

"अगं, चाळीस वर्षं चांदी घासली मी. हवेने आलेला काळेपणा कुठला आणि अंड्याने आलेला कुठला, हे तू मला शिकवणार?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या मंगळवारपासून."

सासऱ्यांनी फडक्यावर चिमूटभर पूड घेतली आणि पेला घासायला सुरुवात केली. हात थरथरत नव्हता.

"सूनबाई," मान वर न करता ते म्हणाले, "सहा पेल्यांना अर्धं अंडं पुरतं. उरलेलं अर्धं तू खात जा."