कडीचा मणी

एमआरआयच्या आधी टेक्निशियनच्या हातातलं धातू शोधायचं यंत्र मास्तरांच्या पोटावरून खाली सरकलं आणि पिं पिं करायला लागलं.

"चावी राहिली असेल खिशात," त्यांचा मुलगा म्हणाला.

"खिसा कुठाय?" टेक्निशियन म्हणाला. मास्तरांच्या अंगावर दवाखान्याचा, मागून बांधायचा झगा होता. टेक्निशियनने तो उचलून बघितलं, मग मुलाकडे बघितलं. मग मुलानेही बघितलं.

लिंगाच्या टोकातून आत गेलेली आणि खालून बाहेर आलेली एक जाडसर कडी. तिच्या दोन टोकांच्या मधे मिरीच्या दाण्याएवढा मणी.

मास्तरांना सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. सकाळी दाढी करताना उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. काहीही म्हणायला जावं, बाहेर पडायचं ते 'बरं'. मघाशी डॉक्टर सांगून गेले होते, स्कॅन झाला की लगेच गुठळी विरघळवायचं औषध देऊ, वेळेत दिलं तर वाचा परत येईल. फक्त अंगावर कुठे ताजी जखम नको, या औषधावर रक्त थांबत नाही.

"मी कानात बाळी घातली तर घरात घेत नव्हते मला," मुलगा पुटपुटला.

 कडी टायटॅनियमची आहे, चुंबक तिला ओढणार नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं.

"बरं," ते म्हणाले.

"धातू आत न्यायचा नाही म्हणजे नाही," टेक्निशियन म्हणाला. त्याने हातमोजे चढवले आणि मणी चिमटीत धरून फिरवला. मणी फिरला. उलटा फिरवला, तसाही फिरला. "आटे गेलेत याचे."

आटे नव्हतेच. मणी नुसता कडीच्या दाबाने अडकलेला असतो. कडी दोन्हीकडून ताणायची, टोकं जराशी फाकतात, मणी गळून पडतो. दोन अंगठ्यांचं काम. मास्तरांची नजर कमी झाल्यापासून ते त्यांची बायको करायची. मोरीच्या जाळीवर आधी फडकं टाकायची, मणी वाहून जाऊ नये म्हणून, मग स्टूल ओढून बसायची आणि सुईत दोरा ओवावा तशी मान पुढे काढून म्हणायची, "हलू नका म्हणते ना."

आत्ता ती दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांचा चष्मा आणि कवळी तिच्या पर्समध्ये होती.

मास्तरांचा डावा हात चालत होता. सलाईनच्या सुईसकट त्यांनी तो उचलला आणि दोन बोटं फाकून दाखवली. मिटली. परत फाकली.

"दोन?" टेक्निशियनने विचारलं.

"दोन नंबरला लागलीय त्यांना," पायाशी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. "कळत नाही का तुम्हाला?" त्या भांडं घेऊन आल्या, त्यांनी ते मास्तरांच्या खाली सरकवलं आणि थोडी वाट बघून तसंच कोरडं परत नेलं.

"काकूंना विचारा की," टेक्निशियन मुलाला म्हणाला. "त्यांना माहीत असेल कसं काढायचं."

"आईला? वेड लागलंय का तुम्हाला?" मुलाचा आवाज खाली आला. "तिला यातलं काही माहीत नाही. कळताही कामा नये. या वयात, एवढ्या संसारानंतर हे असलं काही कळलं तर हाय खाईल ती."

मास्तरांनी सगळा जीव जिभेवर आणला. तिला बोलवा. आधी तिला बोलवा.

"बरं," तोंड म्हणालं.

"बघा. बाबांनाही तेच वाटतंय." मुलाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या मायेने त्याने तो आजवर कधी धरला नव्हता. "काळजी करू नका बाबा. आईच्या कानावर काही जाऊ देणार नाही मी."

दार थोडंसं उघडलं. तिचा आवाज आला. "काय रे, एवढा वेळ? काही अडलंय का?"

"काही नाही गं आई. मशीन तयार होतंय."

"अंगावरचं सगळं काढलं ना त्यांच्या?"

"काढलं."

"सगळं?"

"हो गं. तू बस बाहेर."

दार क्षणभर तसंच राहिलं. मग लागलं.

टेक्निशियन वायरमनच्या पेटीतली पक्कड घेऊन आला आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसायला लागला. "वेळ चाललाय. कापून टाकतो."

"लागणार नाही ना?"

"हलले नाहीत तर नाही."

टायटॅनियम असं एका दाबात तुटत नाही, मास्तरांना माहीत होतं. पक्कड घसरणार, कडीला हिसका बसणार, कातडी फाटणार. जखम झाली की औषध गेलं, औषध गेलं की वाचा गेली.

टेक्निशियन त्यांच्यावर वाकला. "काका, कापू ना?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. उजवीकडून ते मिटले नाहीत.

"बरं," ते म्हणाले.

पक्कडीचा गार लोखंडी स्पर्श झाला. चादरीवरून डावा हात वर आला. दोन बोटं फाकली, मिटली, फाकली.

"थांबा हो जरा," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा भांडं आणायला वळल्या.