पाट्यांचं शिबिर

कात्रजच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी बजरंगराव शितोळे यांना मुलं म्हणजे डोक्याला ताप. आवारात त्यांनी पाटीच ठोकली होती : "येथे खेळू नये. खेळायचे असल्यास आपल्या घरी खेळावे. हुकुमावरून."

पालकांनी फारच डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्यांनी सुट्टीतल्या शिबिराला परवानगी दिली. "एकजूट शिकवायचीय ना? मग सगळ्यांनी मिळून माझ्या जुन्या पाट्या रंगवा. तोंडातून आवाज आला तर शिबिर बंद!"

तीन दिवस मुलं खाली मान घालून, गपगुमान रंगवत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी पांढराशुभ्र लेंगा घालून बजरंगराव आपल्या नेहमीच्या बाकावर ऐसपैस टेकले. समोरच्या भिंतीवर एक नवी पाटी होती.



"बाकाचा रंग ओला आहे. बसायचे असल्यास आपल्या घरी बसावे. हुकुमावरून."