हुंड्याचे दगड

बुलडोझर सुरू झाला आणि थेमेलिना होडीत चढली.

सत्तरीची बाई. पायात रबरी चपला, कमरेला एप्रन. होडीच्या तळाच्या फळ्या तिने भराभर उचलून बाजूला टाकल्या आणि आतला पहिला दगड दोन्ही हातांनी वर काढला. गोल, करडा, तेलाने काळवंडलेला.

"मावशी, खाली उतरा!" बंदर खात्याचा तरुण अधिकारी हातातले कागद हलवत ओरडला. तो पिरेअसहून कालच्याच बोटीने या ग्रीक बेटावर, कालिम्नोसला, आला होता. "तपासणी झालीये. आता होडीतलं काही काढता येत नाही."

"तुझ्या यादीत काय काय आहे ते वाच."

"इंजिन. डोलकाठी. सुकाणू. नांगर दोन."

"दगड?"

त्याने कागद उलटून पाहिला. "दगड नाहीत."

"मग गप बस आणि हा धर."

दगड हातात आलाच, म्हणून त्याने धरला. बुलडोझरवाला हसला. यंत्र बंद करून त्याने सिगारेट काढली. "चालू दे, थेमेलिना. मला कुठं लग्नाला जायचंय?"

होडी सकेलारिसची, थेमेलिनाच्या नवऱ्याची. मासेमारीचा परवाना परत केला की लाकडी होडी मोडून टाकायची, असा कायदा. पाठ गेली, गुडघे गेले, तेव्हा सकेलारिसने स्वतःच कागदावर सही केली होती. आता तो माशांच्या पालथ्या खोक्यावर बसला होता, होडीकडे पाठ करून.

"घर गेलं थोरल्या बहिणीला," थेमेलिना दगड काढता काढता अधिकाऱ्याला सांगत होती. "आमच्यात तसंच असतं. मी तिसरी. मला बापाने हुंड्यात हे दिले. आमच्या दारापुढच्या किनाऱ्यावरचे चाळीस दगड, मी निवडलेले. सासू म्हणाली, आता याचीच भाकरी करून वाढ."

बुलडोझरवाल्याला ठसका लागला.

"आणि हा शहाणा! नवं इंजिन बसवलं तेव्हा यातले सहा काढून टाकले. इंजिन जड आहे म्हणे, दगड कशाला! आठवडाभर होडी लग्नातून परतणाऱ्या दारुड्यासारखी झुलत होती. मीच उचलून नेले आणि परत भरले. ऐकतोयस ना, सकेलारी?"

पाठ हलली नाही.

ती प्रत्येक दगड एप्रनला पुसायची, त्या दगडालाच "उपकार झाले" म्हणायची आणि खाली द्यायची. मधेच गुणगुणायची,

बापाच्या दारचा दगड माझा पाठीराखा,
दर्यावर गेला, घेऊन आला माझा सखा.

अधिकाऱ्याचा शर्ट एव्हाना काळा झाला होता. एक दगड छातीशी धरून तो थांबला. "एर्मा," तो म्हणाला.

"हो, एर्मा. तोलाचे दगड. मग तुला काय वाटलं, बटाटे?"

"तसं नाही, मावशी. आम्हाला शाळेत होता हा शब्द. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी होड्या वाळूवर ओढून ठेवायचे. कलंडू नयेत म्हणून खालून टेकू लावायचे. त्या टेकूला एर्मा म्हणायचे. होडीच्या पोटातल्या दगडांना हे नाव मिळालं ते नंतर. काम तेच, सावरायचं."

थेमेलिनाचे हात थांबले. "माझा बाप दोन यत्ता शिकलेला. त्याला हे कुणी सांगितलं नसेल."

"सांगितलं नसेल. नुसतं बोलत आले असतील."

"दगड देताना तो म्हणाला होता, जावई पाण्यावर सावरला तर माझी पोर जमिनीवर सावरेल." तिने नाक एप्रनला पुसलं. "सत्तेचाळीस वर्षं झाली."

शेवटचे दोन दगड डोलकाठीच्या बुडाशी होते. मुठीएवढेच. ते मात्र तिने खाली दिले नाहीत, एप्रनच्या खिशात टाकले. उतरताना होडीच्या कडेवर तळहात ठेवून ती क्षणभर उभी राहिली. मग बुलडोझरवाल्याला म्हणाली, "आता चालव. पण समोरून ये. तिच्यावर पाठीमागून येऊ नकोस."

त्याने टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि यंत्र वळवून समोरून आणलं.

चार-पाच मिनिटंच लागली. आवाज थांबला तेव्हा सकेलारिस उठला आणि मागे न बघता गावाच्या पायऱ्यांकडे निघाला. पहिल्याच पायरीवर तो एका बाजूला कलला. भिंत धरली. दुसऱ्या पायरीवर दुसऱ्या बाजूला. अधिकारी धावला.

"राहू दे, बाळा," थेमेलिना म्हणाली.

तिने जाऊन नवऱ्याच्या कोटाच्या एका खिशात एक दगड टाकला, दुसऱ्या खिशात दुसरा. मग दोन पावलं मागे आली आणि एक डोळा मिटून त्याच्या खांद्यांकडे पाहिलं. माल भरून झाला की होडी पाण्यात सारखी बसली का, हे तो धक्क्यावरून असंच बघायचा.

"डावीकडे झुकलायस."

सकेलारिसने दोन्ही दगड बाहेर काढले. तळहातांवर तोलून पाहिले. मग त्यांची अदलाबदल केली.

"जड तो उजवीकडे असायचा," तो म्हणाला.

भिंतीला हात न लावता तो दहा-बारा पायऱ्या चढला. थांबला. मागे न वळताच म्हणाला, "उपकार झाले, थेमेलिना."

"चढ आता," ती म्हणाली. "अजून अडतीस न्यायचेत."