एक दशांश

१९६६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या चर्चचं ढोल-बिगुल पथक राज्याच्या अंतिम स्पर्धेत एक दशांश गुणाने हरलं. तेव्हा पंच कागद घेऊन आमच्या रांगांमधून फिरायचे आणि दिसलेल्या प्रत्येक चुकीला त्यावर खूण करून एक दशांश कापायचे. शेवटच्या गाण्यात मी बिगुल वाजवत डावीकडे वळले, ती एक पाऊल उशिरा. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. परवा वृद्धाश्रमात आमच्या पथकप्रमुखाला, स्टॅनला, भेटायला गेले आणि सांगून टाकलं.

“आज सांगतेस? उशिरा वळायची खोड काही गेली नाही तुझी, लोरेटा.”

“थट्टा नको रे. माझ्यामुळे हरलो आपण.”

स्टॅनचं हसू थांबलं. त्याने खणातून पंचांचा पिवळा पडलेला कागद काढला. “तुझी चूक पंचांना दिसलीच नाही. ही शेवटची खूण बघ. डॉमच्या हातातून ड्रमची काठी निसटली, त्याची आहे. सैन्यात जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन रडला होता पोरगा. म्हणाला, कोणाला सांगू नकोस.”

डॉम व्हिएतनामहून परत आला तो शवपेटीतून. एकोणीस वर्षांचा होता.

मी ती खूण बराच वेळ बघत राहिले. मग कागदाची घडी घालून तो स्टॅनच्या हातात दिला.

“पंचांची नजर चुकली, स्टॅन,” मी म्हणाले. “तो दशांश माझाच होता.”